मानेतली न दुखणारी गाठ: लिम्फोमा वेळेत कसा ओळखायचा

"दुखत नाय की ओ डॉक्टर, म्हणून दाखवलो नाही." सोलापूरच्या पूर्व भागात दवाखाना चालवणाऱ्या माणसाला हे वाक्य नवं नाही. दात किडला, घसा धरला, पायात काटा मोडून पिकला की येणारी गाठ दुखते, ठणकते आणि मूळ दुखणं गेलं की आठवड्या-दोन आठवड्यांत तीही उतरते. लिम्फोमाची, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही. दुखऱ्या गाठीला घेऊन माणूस दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येतो, न दुखणारी मात्र महिनोन्‌महिने कॉलरखाली किंवा पदराखाली राहते.

दुसरी अडचण आपल्याकडची आहे. मानेत गाठ दिसली की ती टीबीचीच असणार असं आपण धरून चालतो. बऱ्याचदा ते खरंही निघतं. पण तपासणीत पुरावा न मिळवता टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि गाठ निघाली लिम्फोमाची, तर मधले महिने फुकट जातात. या लेखात सर्वात जास्त जागा मी याच मुद्द्याला दिली आहे.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. हाताला लागणाऱ्या गाठींपैकी बहुतेक गाठी साध्या असतात. लिम्फोमा निघालाच, तरी उपचारांनी बऱ्या होऊ शकणाऱ्या कॅन्सरमध्ये त्याचे अनेक प्रकार मोडतात. १८३२ मध्ये लंडनच्या थॉमस हॉजकिन यांनी वर्णन केलेला, त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा हॉजकिन लिम्फोमा तर आज बहुतेक रुग्णांत पूर्ण बरा करता येतो. बाकीचे सगळे प्रकार 'नॉन-हॉजकिन' या एका नावाखाली येतात. त्यातले काही झपाट्याने वाढतात, तर काही वर्षानुवर्षं सावकाश सरकतात.

ही गाठ असते कसली

रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये लिम्फोसाइट नावाच्या पेशी असतात. जंतूंशी लढणं हे त्यांचं काम. शरीरभर पसरलेल्या शेकडो लसिका ग्रंथी, टॉन्सिल, प्लीहा आणि हाडांतला मगज ही त्यांची ठाणी. संसर्ग झाला की जवळच्या ठाण्यात त्या वाढतात आणि ग्रंथी फुगते. लिम्फोमात यातलीच एखादी पेशी बिघडते आणि कारण नसताना वाढत राहते. लिम्फोसाइट सगळीकडे फिरत असल्यामुळे हा आजार मानेतच सुरू होईल असं नाही. तो पोटात, छातीत, जठरात, कातडीवर, क्वचित मेंदूतही सुरू होतो.

पायरी १: गाठ हाताने नीट पाहा

अंघोळीच्या वेळी किंवा रात्री झोपण्यापूर्वी, स्नायू सैल असताना तपासा. बोटांची टोकं खुपसू नका. तीन बोटांचा सपाट भाग कातडीवर ठेवून हळूहळू गोल फिरवा. जबड्याखालून सुरुवात करा, मग कानाच्या पुढे-मागे, मानेच्या दोन्ही बाजू, मानेचा मागचा भाग, आणि शेवटी गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या वरची खोलगट जागा. काख तपासताना हात खाली सैल सोडा. वर उचलला तर तिथली कातडी ताणली जाते आणि गाठ लपते. मग दोन्ही जांघा. प्रत्येक वेळी डावी-उजवी बाजू ताडून पाहा.

गाठ लागली तर शिवणकामाची टेप घ्या आणि सर्वात लांब बाजू मोजा. मानेत एक सेंटिमीटरपर्यंत आणि जांघेत दीड सेंटिमीटरपर्यंतची मऊ, हलणारी गाठ अनेक निरोगी माणसांत सापडते. दोन सेंटिमीटरच्या पुढची गाठ वाट न पाहता दाखवावी. गळ्याच्या आडव्या हाडाच्या वर लागलेली गाठ मात्र कितीही लहान असो, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवायची. त्या जागेवरची गाठ छातीतल्या किंवा पोटातल्या आजाराची खूण असू शकते, तिला साधी म्हणायची सोय नाही.

स्पर्शावरून अंदाज येतो, निदान होत नाही. लिम्फोमाची गाठ साधारणपणे खोडरबरासारखी लागते: दाबली तर थोडी दबते, पण मऊ नसते. टीबीच्या गाठी एकमेकींना चिकटून गठ्ठा होतात, पुढे मऊ पडून फुटतात आणि वाहू लागतात. जुनी माणसं गंडमाळ म्हणतात ती हीच. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरमधून मानेत उतरलेली गाठ टणक असते आणि जागची हलत नाही. आपल्याकडे तंबाखू, मावा, मिश्री घराघरात असल्यामुळे चाळिशीपुढच्या माणसाच्या मानेत गाठ आली की टॉर्च लावून तोंड आणि घसा आधी पाहिलाच पाहिजे. तुमच्या डॉक्टरांनी तो पाहिला नसेल तर "तोंडात एकदा बघता का?" असं विचारायला संकोचू नका.

सगळ्याच गाठी लसिका ग्रंथींच्या नसतात हेही लक्षात असू द्या. घोट गिळताना वर सरकते ती थायरॉइडची. खोकल्यावर जांघेत फुगते आणि आडवं झालं की आत जाते ती हर्नियाची. कातडीखाली वर्षानुवर्षं तशीच असलेली, मऊ, सरकणारी गाठ चरबीची. काखेत केसांच्या मुळाशी पिकलेलं, लाल, ठणकणारं काखमांजर वेगळंच.

पायरी २: साधं कारण आहे का, ते शोधा

मानेत गाठ असेल तर दात, हिरड्या, टॉन्सिल, कान पाहा. लहान मुलांत डोक्यातल्या उवा आणि खरजेमुळे मानेमागे बारीक गाठींची रांग लागते. काखेत असेल तर हाताची, बोटांची जखम पाहा. जांघेत असेल तर पाय. अनवाणी चालणाऱ्या, शेतात राबणाऱ्या माणसाला पायाच्या जखमेमुळे अवधाण येतं, हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं. सोलापूर जिल्ह्यात हत्तीरोगही आहे, त्यामुळे जांघेतल्या गाठीबरोबर पाय सुजत असेल आणि अधूनमधून थंडी-ताप येत असेल तर त्याची तपासणी मागा.

कारण सापडलं, उपचार झाले, तर तीन आठवडे थांबायला हरकत नाही. या काळात गाठ रोज चाचपू नका, सतत दाबल्याने ती दुखायला लागते आणि मग काहीच कळेनासं होतं. दर रविवारी एकदा मोजा, तारखेसह लिहून ठेवा. तीन आठवड्यांनी गाठ तेवढीच असेल किंवा वाढली असेल, किंवा मुळात कारणच सापडलं नसेल, तर पुढच्या पायरीला लागा. मध्येच थोडी कमी झाली म्हणूनही निश्चिंत होऊ नका. काही लिम्फोमांच्या गाठी उपचाराशिवायही कमी-जास्त होतात.

गाठीवर बिब्बा लावणं, डाग देणं, चोळून "फोडणं" यातलं काहीही करू नका. बिब्ब्याने कातडी भाजून पिकली की मूळ गाठ काय होती हे ओळखणं तज्ज्ञालाही अवघड जातं.

पायरी ३: ताप, घाम, वजन यांची वही

लिम्फोमात डॉक्टर तीन गोष्टी आवर्जून विचारतात. कारण न सापडलेला, ३८ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे १००.४ फॅरनहाइटच्या वरचा ताप. कपडे-अंथरूण भिजवणारा रात्रीचा घाम. आणि सहा महिन्यांत प्रयत्न न करता दहा टक्क्यांहून जास्त उतरलेलं वजन. या तिघांना वैद्यकशास्त्रात 'बी लक्षणं' म्हणतात. आजाराचा टप्पा आणि उपचार ठरवताना त्यांना वेगळं महत्त्व असतं. तीही टीबीसारखीच आहेत, गोंधळ इथूनच सुरू होतो.

घामाचं सोलापुरात काय करायचं हा खरा प्रश्न. मे महिन्यात पारा बेचाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या खोलीत वीज गेली की कोण भिजत नाही? म्हणून मी पेशंटला तीन प्रश्न विचारतो. त्याच खोलीत झोपलेली बाकीची माणसं भिजतात का? पंखा चालू असताना, पहाटे गारवा असतानाही येतो का? उठून बनियन किंवा ब्लाउज बदलावा लागतो का, चादर ओली लागते का? गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, जानेवारीच्या थंडीत, एकट्या तुमचीच चादर ओली होत असेल तर तो घाम हवामानाचा नाही. पाळी जाण्याच्या वयात बायकांनाही रात्री अचानक घाम येतो, पण तो लाटेसारखा येऊन जातो आणि त्यासोबत ताप किंवा वजन घटणं नसतं.

ताप हात लावून ठरवू नका. थर्मामीटर घ्या, संध्याकाळी आणि रात्री बघा, आकडा लिहा. "अंगात कणकण आहे" एवढ्यावर डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. १५ दिवसांची वही असेल तर ठरवता येतं.

वजन एकाच काट्यावर करा, मग तो दवाखान्यातला असो की ओळखीच्या किराणा दुकानातला. ६० किलोच्या माणसाचं सहा किलो, ५० किलोच्या बाईचं पाच किलो, हा हिशेब. घरी काटा नसेल तर पट्ट्याचं भोक, सैल झालेली बांगडी, ब्लाउजची शिवण यावरूनही कळतं. नवरात्राचे उपास किंवा पंढरीची पायी वारी झाल्यावर उतरलेलं वजन यात धरायचं नाही, ते जेवण सुरळीत झालं की महिनाभरात भरून येतं. भरलं नाही तर मात्र धरायचं. आणि बारीक झालेल्या बाईला "बरी दिसतेस की आता" म्हणण्याआधी ती काही खटपट करतेय का, हे विचारावं. कौतुकाच्या नादात कित्येक आजार लपून जातात.

गाठ न दिसता येणारी लक्षणं

कातडीवर पुरळ नसताना अंगभर खाज, विशेषतः रात्री आणि तरुण वयात, हॉजकिनची पहिली खूण असू शकते. खरजेचं मलम लावून लावून थकलेला माणूस कधीतरी छातीचा एक्स-रे काढतो आणि तिथे गाठी दिसतात. दारू प्यायल्यावर गाठीच्या जागी दुखणं हे हॉजकिनचं एक चमत्कारिक लक्षण आहे. ते थोड्याच रुग्णांत दिसतं, पण दिसलं तर डॉक्टरांना जरूर सांगा.

छातीतल्या गाठींमुळे कोरडा खोकला, आडवं झाल्यावर धाप, छातीत जडपणा येतो. पूर्व भागात लूमवर काम करणारा माणूस हे सगळं कापसाच्या धुळीवर ढकलतो. तीन आठवड्यांपुढचा कोणताही खोकला एक्स-रे मागतो. पोटात प्लीहा वाढली की डाव्या बरगडीखाली जडपणा येतो आणि अर्ध्या भाकरीतच पोट भरतं. आतड्यातला लिम्फोमा पोटदुखी, उलट्या, काळी शौच यांनी दिसतो. एकाच बाजूचा टॉन्सिल मोठा होणं, महिनोन्‌महिने न हटणारे कोरडे, लालसर चट्टे (गजकर्ण समजून मलम लावत राहिलेले), कारण न सापडणारा रक्तक्षय हेही या यादीत येतात. यातलं एखादं लक्षण असलं म्हणजे लिम्फोमा झाला असं नव्हे, पण त्याची तपासणी व्हायला हवी.

काही वेळा वही आणि वाट पाहणं दोन्ही बाजूला ठेवून थेट मोठ्या रुग्णालयात जायचं असतं: सकाळी चेहरा आणि मान सुजलेली, मानेच्या शिरा फुगलेल्या आणि आडवं झोपता न येणं, पाठदुखीबरोबर पायातली ताकद जाणं किंवा लघवी तुंबणं, अचानक बरळणं, झटका येणं. छातीतली गाठ मोठ्या शिरेवर किंवा पाठीच्या कण्यातली गाठ मज्जारज्जूवर दाब देत असेल तर तासांचा हिशेब असतो.

कोणाला धोका जास्त

बहुसंख्य रुग्णांत एकही ठोस कारण सापडत नाही. धोक्याचे घटक असलेल्या बहुतेकांना हा आजार होतही नाही. तरी डॉक्टरांना खालच्या गोष्टी न लपवता सांगाव्यात, कारण त्यांवरून तपासणीची घाई ठरते.

प्रतिकारशक्ती कमी असणं हा सर्वात पक्का धोका. एचआयव्ही असलेल्यांत लिम्फोमा जास्त होतो. नियमित एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, घेतल्याने धोका कमी होतो, पण नवीन गाठ आली तर एआरटी सेंटरला त्याच भेटीत दाखवा. किडनी किंवा अन्य अवयव बदलल्यावर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे, संधिवाताभ किंवा ल्युपस या, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या आजारांसाठी अशीच औषधं वर्षानुवर्षं घेणारे, हेही याच गटात. डोळे-तोंड सतत कोरडं पाडणाऱ्या शोग्रेन आजारात आणि हाशिमोटो या थायरॉइडच्या जुनाट सुजेतही थोडा धोका वाढतो. थायरॉइडची जुनी सूज अचानक भराभर वाढू लागली तर गोळीचा डोस बदलून भागणार नाही.

काही जंतूंचाही संबंध आहे. एप्स्टीन-बार हा विषाणू जवळपास प्रत्येकाच्या शरीरात शिरतो आणि गप्प बसतो. थोड्या लोकांत तो हॉजकिन आणि इतर काही प्रकारांशी जोडलेला सापडतो, आपल्या देशातल्या लहान मुलांच्या हॉजकिनमध्ये तर बराच. हिपॅटायटिस सी, आणि जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरी हेही आहेत. या शेवटच्या जंतूमुळे होणारा जठराचा एक सौम्य लिम्फोमा नुसत्या प्रतिजैविकांच्या कोर्सनेही अनेकदा मागे हटतो.

द्राक्ष, डाळिंब, ऊस या पिकांवर फवारणी करणाऱ्यांनी पुढचं वाचावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेट या तणनाशकाला आणि मॅलाथिऑन, डायझिनॉन या कीटकनाशकांना 'बहुधा कॅन्सरकारक' गटात टाकलं, त्यात नॉन-हॉजकिन लिम्फोमाचा संदर्भ आहे. लिंडेन तर थेट 'कॅन्सरकारक' गटात गेलं. ग्लायफोसेटबद्दल तज्ज्ञांत वाद अजून चालू आहे. वाद मिटेपर्यंत हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा सदरा वापरायला कोणाची हरकत नसावी. फवारलेले कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका, आणि औषध काडीने ढवळा, हाताने नको.

वय वाढतं तसा नॉन-हॉजकिनचा धोका वाढतो. हॉजकिन मात्र तरुणांतही होतो, म्हणून विशीतल्या पोरापोरींच्या गाठीकडे "या वयात कसला कॅन्सर" म्हणून पाहू नये. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडाला असेल तर धोका थोडा वाढतो, एवढंच. पूर्वी दुसऱ्या कॅन्सरसाठी किमो किंवा रेडिएशन झालं असेल तर तेही सांगा.

हा आजार संसर्गजन्य नाही. ताट, पेला, अंथरूण वेगळं करायची गरज नाही.

पायरी ४: डॉक्टरांपुढे काय ठेवायचं, काय मागायचं

वही, जुनी औषधांची चिठ्ठी, आणि गाठ पहिल्यांदा कधी लागली याची अंदाजे तारीख घेऊन जा. "दिवाळीत नव्हती, संक्रांतीला होती" एवढं सांगितलं तरी पुरतं.

पहिल्या फेरीत साधारणपणे रक्ताचे काउंट, ईएसआर (शरीरात कुठे सूज आहे का हे सांगणारी रक्ततपासणी), एलडीएच (पेशींची मोडतोड दाखवणारी), एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, छातीचा एक्स-रे, मानेची आणि पोटाची सोनोग्राफी होते. रक्ताचे काउंट नॉर्मल आले म्हणून लिम्फोमा नाही असं ठरत नाही. असंख्य रुग्णांत ते नॉर्मलच असतात. "रक्तात काही नाही, मग कॅन्सर नाही" हा समज पूर्ण चुकीचा आहे. ईएसआर टीबीत वाढतो, लिम्फोमात वाढतो, किडलेल्या दातानेही वाढतो, त्यामुळे त्यावरून निकाल लागत नाही.

निदान होईपर्यंत स्टेरॉइड नको. डेक्सामेथासोन, बेटामेथासोन, प्रेडनिसोलोन ही औषधं कधी ताप उतरवायला, कधी "ताकदीचं" म्हणून दिली जातात. स्टेरॉइडने लिम्फोसाइट मरतात. गाठ थोडे दिवस लहान होते, ताप पळतो, माणूस खूश होतो आणि मग तुकडा काढला तरी त्यात नेमकं काही दिसत नाही. पुढे गाठ परत येते. "या गोळीत स्टेरॉइड आहे का?" हा प्रश्न सरळ विचारा. श्वास अडकत असेल अशा तातडीच्या वेळी मोठ्या रुग्णालयातले डॉक्टर देतात, ती गोष्ट निराळी.

पायरी ५: टीबी की लिम्फोमा, पुरावा मागा

मानेतल्या ग्रंथींचा टीबी आपल्या देशात इतका आहे की डॉक्टरांच्या मनात तो आधी येणं स्वाभाविक आहे. फुप्फुसाबाहेरच्या टीबीत ग्रंथींचा टीबी सर्वात जास्त दिसतो. त्यात छातीचा एक्स-रे अनेकदा स्वच्छ असतो, थुंकीत जंतू नसतात, म्हणून "पुरावा मिळत नाही, तरी टीबीच समजू" ही वाट सोपी वाटते. हातावर टोचून करायची माँटू चाचणी पॉझिटिव्ह आली तरी ती फक्त एवढं सांगते की टीबीचा जंतू कधीतरी शरीरात शिरला होता. आपल्याकडच्या असंख्य निरोगी प्रौढांत ती पॉझिटिव्ह असते.

पुरावा मिळतो तो गाठीतूनच. पहिली तपासणी सुईची, एफएनएसी. बारीक सुईने पेशी ओढून काचपट्टीवर पाहतात, आणि त्यातलाच थोडा नमुना सीबीनॅट यंत्रावर टाकला की टीबीचा जंतू आणि रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला तो दाद देतो का हे दोन्ही काही तासांत कळतं. सरकारी टीबी कार्यक्रमात ही तपासणी आणि औषधं दोन्ही मोफत आहेत. टीबी सिद्ध झाला तर सहा महिन्यांचा कोर्स नेटाने पूर्ण करा, लिम्फोमाच्या भीतीने तो सोडू नका.

सुईने टीबी सापडला नाही, तर पुढे काय? बरेच जण इथेच थांबतात. सुईत सुट्या पेशी येतात, ग्रंथीची रचना येत नाही, आणि लिम्फोमाचा प्रकार रचनेवरूनच ठरतो. म्हणून एफएनएसी 'साधी सूज' म्हणाली आणि गाठ तरी टिकून राहिली, तर पूर्ण गाठ काढून तपासणी, म्हणजे एक्सिजन बायोप्सी, मागा. खोलवरच्या गाठीसाठी सोनोग्राफी किंवा सीटीच्या मदतीने जाड सुईची कोअर बायोप्सी करतात. शक्य असेल तिथे सर्वात मोठी, सर्वात नवी गाठ निवडतात, आणि जांघेपेक्षा मानेतली बरी, कारण जांघेतल्या ग्रंथींवर जुन्या जखमांचे वण असतात.

ऑपरेशनच्या आधी सर्जनला एक गोष्ट आठवण करून द्या: नमुन्याचा एक भाग फॉर्मेलिनमध्ये पॅथॉलॉजीला आणि एक भाग साध्या सलाइनमध्ये टीबीच्या तपासणीला. फॉर्मेलिनमध्ये बुडालेल्या तुकड्यातून टीबीचा जंतू वाढवून पाहता येत नाही. सगळा नमुना एकाच बाटलीत गेला तर दुसऱ्यांदा चिरफाडीची वेळ येते.

"चाकू लागला की कॅन्सर पसरतो" असं कट्ट्यावर बसलेला कोणीतरी सांगणारच. लिम्फोमा बायोप्सीमुळे पसरत नाही. बायोप्सी लांबवल्यामुळे मात्र उपचार लांबतात.

अहवालात 'ग्रॅन्युलोमा' (सुजेत जमणारे पेशींचे बारीक पुंजके) हा शब्द आला की टीबी पक्का असं सहज धरलं जातं. टीबीत ग्रॅन्युलोमा दिसतात हे खरं, पण काही लिम्फोमांच्या गाठीतही, विशेषतः हॉजकिनमध्ये, ते दिसू शकतात. ग्रॅन्युलोमा आहे, पण टीबीचा जंतू कुठल्याच तपासणीत सापडला नाही आणि गोळ्यांनीही फरक पडत नाही, अशा वेळी त्याच ब्लॉकवर, म्हणजे मेणात जपून ठेवलेल्या तुकड्यावर, दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत घ्यायला हरकत नाही.

आणि समजा पुराव्याशिवाय टीबीच्या गोळ्या सुरू झाल्याच आहेत. मग पहिले दोन महिने डोळ्यांत तेल घालून पाहा. ताप उतरला, भूक लागली, वजन वाढलं तर दिशा बरोबर आहे. ग्रंथींच्या टीबीत उपचार चालू असताना गाठ काही काळ वाढू शकते, नवीही येऊ शकते, म्हणून नुसत्या आकारावरून घाबरून गोळ्या बंद करू नका. पण दोन महिन्यांनंतरही ताप आहे, वजन घसरतंय, गाठी वाढतायत, तर "आणखी थोडे दिवस बघू" यावर समाधान मानू नका, पुन्हा बायोप्सी मागा. दोन्ही आजार एकाच माणसात असणंही अशक्य नाही.

पायरी ६: सोलापुरात कुठे जायचं

सुरुवात जवळच्या एमबीबीएस किंवा एमडी डॉक्टरांपासून करा. पुढे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, तिथे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सर्जरी, कान-नाक-घसा, मेडिसिन आणि पॅथॉलॉजी विभाग आहेत. मानेची गाठ असेल तर कान-नाक-घसा किंवा सर्जरी ओपीडी. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल जिल्ह्यातच आहे. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणीही १९८७ मध्ये बार्शीलाच सुरू झाली. मुंबईत परळचं टाटा मेमोरियल आहे. सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघालं की सकाळी दादरला उतरता येतं.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि कॅन्सरवरचे उपचार तिच्यात येतात. रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला भेटा. निदानापूर्वीच्या ओपीडी तपासण्यांचा खर्च योजनेत बसेलच असं नाही, तेव्हा पैसे भरण्याआधी विचारा.

बायोप्सी कुठेही झाली तरी अहवालाबरोबर काचपट्ट्या आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या. नुसत्या कागदावर मोठ्या रुग्णालयात उपचार सुरू होत नाहीत, तिथे नमुना पुन्हा तपासतात. ब्लॉक उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नका. सोलापूरच्या उन्हात मेण वितळतं.

अहवालात लिम्फोमा आल्यावर

'लिम्फोमा' एवढाच शब्द पुरेसा नाही. पॅथॉलॉजिस्टने आयएचसी ही रंगतपासणी करून हॉजकिन की नॉन-हॉजकिन, बी पेशीचा की टी पेशीचा, कोणता प्रकार हे लिहिलेलं असावं, कारण औषधं त्यावरूनच ठरतात. मग पेट-सीटी हा अंगभराचा स्कॅन आणि गरज असेल तर हाडातल्या मगजाची तपासणी करून पहिला ते चौथा टप्पा ठरतो. इथला चौथा टप्पा म्हणजे आशा संपली असं नसतं, लिम्फोमात चौथ्या टप्प्यातले रुग्णही बरे होतात. सावकाश वाढणाऱ्या काही प्रकारांत तर डॉक्टर सुरुवातीला काहीच औषध न देता नुसतं लक्ष ठेवायला सांगतात. ते टाळाटाळ करत नसतात, तोही उपचाराचाच भाग आहे.

पहिल्या किमोपूर्वी दोन प्रश्न विचारून ठेवा. हिपॅटायटिस बीची तपासणी झाली का? अनेक बी-पेशी लिम्फोमांत दिलं जाणारं रिटुक्सिमॅब यकृतातला झोपलेला हा विषाणू जागा करू शकतं. आणि रुग्ण तरुण असेल तर पुढे मूल होण्याबाबत काय? काही औषधांनी ती क्षमता कमी होते. पुरुषांना वीर्य गोठवून ठेवण्याची आणि स्त्रियांना बीजांडं जपण्याची सोय असते, पण ती किमो सुरू होण्याआधीच करावी लागते. विशीतला मुलगा आई-वडिलांसमोर हा प्रश्न विचारत नाही. सोबत गेलेल्या मोठ्या भावाने किंवा मामाने डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारावा.